माथ्याचा वाटा

सुखराम मिस्त्रीनं फळी उचलून टेबलावर आडवी टाकली, तळहातानं तिच्यावरचा भुसा झाडला आणि कानावरची पेन्सिल काढता काढता सहज बोलून गेला, "हे तुमच्याच पहाडीवरचं लाकूड होय, ताई. माथ्यावरचं. कैलाशभाऊनं मागच्या हप्त्यात पाठवलं." रुपानं मान हलवली, जणू तिला हे माहीतच होतं. ही सवय तिला दुकानातच लागली होती. तिच्या नवऱ्याच्या चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायला बसलेली माणसं पुष्कळदा न दिसणारी ओळ धडाधडा म्हणून दाखवायची. आधीच्या माणसाचं ऐकून पाठ केलेली. रुपा कुणाला टोकत नसे. मान हलवायची आणि तक्ता बदलून पुन्हा विचारायची. "माथ्यावरचंच कशावरून?" तिनं विचारलं. सुखराम हसला. "भाऊच बोलले. आमाले काय, लाकूड ते लाकूड." आणि त्यानं रंधा हातात घेतला. ती दुकानाच्या नव्या काउंटरचं माप सांगायला आली होती. ते सांगायचं राहूनच गेलं. रंध्याखालून निघणाऱ्या पातळ, तांबूस सालपटांकडं ती बघत राहिली. एक सालपट तिच्या चपलेवर पडलं. तिनं ते उचलून नाकाशी नेलं आणि मग कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून इकडंतिकडं बघितलं.

भंडाऱ्यातल्या खांब तलावाजवळच्या सुखरामच्या कारखान्यातून परतताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. माथा तिचा होता. नाकाडोंगरीच्या घरामागं, धानाच्या बांध्या संपतात तिथून उठलेली ती लहानशी पहाडी तिच्या बाबांच्या, तुलारामच्या नावावर होती; आणि बाबा गेले त्या वर्षी, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, धाकट्या कैलाशनं स्वतः होऊन म्हटलं होतं, "माथा ताईचा, खालचा उतार माहा." तिनं काही मागितलं नव्हतं. गावात बहिणी सही करून हक्क सोडून देतात आणि साडी घेऊन परत जातात, तशी तीही जायला तयारच होती. पण भावानं देऊ केलं आणि सगळ्या नातलगांच्या तोंडी त्याचं नाव झालं. मामा म्हणाले होते, असा भाऊ शोधून सापडणार नाही. रुपाला तेव्हा भरून आलं होतं. ते भरून येणं तिनं इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. कुठं भावाबहिणींचा विषय निघाला की ते बाहेर काढून दाखवायची. आता रस्त्याच्या कडेनं चालताना तिला प्रथमच वाटलं, त्यानं माथाच का दिला? आणि दिला तर आता तिथलं झाड तोडून भंडाऱ्याच्या मिस्त्रीकडं कसं आलं? एक झाड आलं की आणखी किती गेली असतील? रक्षाबंधनाला आला तेव्हा तो तिच्या डोळ्याला डोळा देत होता की नाही, हे ती आठवू लागली. आठवेना. त्याचं मनगट तेवढं आठवलं, आणि त्याच्यावरचा एक ओरखडा. ओरखडा कशाचा असेल?

दुपारी दुकानात डबा खाताना तिनं प्रविणला सांगितलं. प्रविण, तिचा नवरा, फ्रेमचा स्क्रू घट्ट करत होता. त्यानं वर न बघताच म्हटलं, "मग फोन करून विचार ना त्याले." "फोनवर माणूस काहीबी सांगते," रुपा म्हणाली. "मी उद्या जाऊन येते." प्रविणनं वर बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा स्क्रूकडं वळला. "जाऊन ये. पण भांडू नको." रुपानं डब्याचं झाकण लावलं. भांडू नको असं तो का म्हणाला? ती तर भांडणाचं काहीच बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तुमसरहून नाकाडोंगरीला जाणाऱ्या बसमध्ये तिला खिडकी मिळाली. धान कापणीला आलं होतं, कुठं कुठं बांधीत कापलेल्या धानाच्या कडपा पडल्या होत्या, आणि त्या वासानं तिच्या आत काहीतरी सैल होऊ लागलं तसं तिनं ते पुन्हा आवळून धरलं. आपण चौकशीला चाललो आहोत, माहेरी नाही. तरी आठवण यायची ती आलीच. ती शाळेत होती तेव्हाची, पावसाळ्यातली. बाबांनी रोपवाटिकेतून सागाच्या काड्या आणल्या होत्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून. तिला वाटलं होतं रोपं येतील, हिरवी, पानं असलेली. गोणपाट सोडलं तर आत बोटाएवढ्या जाड, तपकिरी, मेलेल्या काड्या. वरून कापलेल्या, खालूनही कापलेल्या. बाबा पुढं सब्बलीनं, म्हणजे पहारीनं, भोकं पाडत चालायचे, मागून ती प्रत्येक भोकात एक काडी सोडायची आणि लहानगा कैलाश टाचेनं माती दाबायचा. पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकाच गोणपाटातल्या काड्या. तिला सारखं वाटत होतं की बाबांना कुणीतरी फसवलंय. ह्या काड्यांना काही फुटणार नाही. आठ-पंधरा दिवसांनी ती एकटीच गेली आणि एक काडी उपटून बघितली. खाली पांढरी, केसांसारखी मुळं सुटली होती. तिनं घाईनं ती परत खोचली. बाबांनी दुरून पाहिलं होतं. रागावले नाहीत. "सारखं उपटून पायशील तं कसं लागंल गे ते?" एवढंच म्हणाले. पण मुळं बघितल्यावर तिला जो आनंद झाला होता तो बाबांच्या सांगण्यावर विश्वास ठेवून कधीच झाला नसता, हेही तिला तेव्हाच कळलं होतं. ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

ती घरी गेली नाही. बसमधून उतरून नाल्याच्या काठाकाठानं थेट पहाडीच्या पायथ्याशी गेली. आणि तिथं ती थांबलीच. साग असे वाढलेले तिनं पाहिलेच नव्हते. खोडं सरळसोट, खालून बऱ्याच उंचीपर्यंत एक फांदी नाही, वर सुपाएवढ्या हिरव्या पानांचं छत. पायाखालची माती काळसर, मऊ. वरून वाहून आलेलं सगळं इथं साचलेलं. नाल्याची ओल जवळच होती. तिनं एका खोडाला मिठी मारून बघितली तर हाताला हात मिळेना. हे कैलाशचं. ती वर चढू लागली. अर्ध्या वाटेवर झाडं बारीक झाली, माती तांबडी झाली, चपलेखाली खडे घसरू लागले. आणि जिथून तिचा वाटा सुरू होत होता तिथून पुढं जणू दुसऱ्याच कुणीतरी दुसरीच झाडं लावली होती. माणसाच्या दुपटीएवढी उंच असतील नसतील. खोड जमिनीतून निघतानाच उताराकडं झुकलेलं, मग कोपरासारखं वळून वर गेलेलं. साल जाड, भेगाळलेली. फांद्या कमरेपासूनच फुटलेल्या. खाली अजून हिरवी पानं होती आणि इथं बहुतेक झाडांनी पानं टाकूनही दिली होती. जी होती ती तळहाताएवढी, करपलेली. पश्चिमेच्या अंगाला, जिथं दुपारचं ऊन थेट खडकावर पडतं, तिथं तर झाड आहे की झुडूप ते कळत नव्हतं. मुळं दगडाला वेटोळा घालून उघडी पडलेली. एकाच गोणपाटातल्या काड्या. तिनं स्वतः सोडलेल्या. मग हे असं कसं?

तिला राग यायला हवा होता, पण आधी लाजच वाटली. कुणी ह्या झाडांकडं बोट दाखवून "ही रुपाची" असं म्हणत असेल, ह्याची. आणि मग तिला ते दिसलं. बुडातून कापलेले खुंट. एक, त्याच्यापलीकडं आणखी एक, खडकाच्या आडोशाला तीन-चार. काही जुने, काळे पडलेले. काही ताजे, पिवळट. काही खुंटांच्या बाजूनं एकेक फुटवा वर गेला होता, आणि त्या फुटव्यांवर गेरूची लाल पट्टी ओढलेली होती. खालच्या झाडांवर एकही पट्टी नव्हती. तिनं मुद्दाम परत खाली उतरून, प्रत्येक खोडाला फेरी मारून बघितलं. नव्हती. म्हणजे खुणा फक्त तिच्याच झाडांवर होत्या. लाकूडतोडे खुणा करतात त्या अशाच.  ताज्या खुंटावर तिनं बोट फिरवलं. बोटाला चिकट काही लागलं नाही, तरी तिनं ते पदराला पुसलं. फळी इथलीच. म्हणजे तो इतकी वर्षं, राखी बांधून घेऊन, तिच्या हातचं गोड खाऊन, परत येऊन हे करत होता. आणि आईला माहीत असणार. आणि गुंजनला, त्याच्या बायकोलाही.

गुंजन समोरूनच आली. डोक्यावर काड्यांचा भारा, हातात विळा. रुपाला बघून ती जागच्या जागी थबकली. "अगे माय! ताई, तुमी? घरी न येता इकडून कशा आल्या?" "अशीच," रुपा म्हणाली. "माहेच झाडं पाहाले आली." गुंजननं भारा खाली टाकला आणि ओढणीनं तोंड पुसलं. तिनं एकदा खुंटांकडं बघितलं, एकदा रुपाकडं. "तुमाले नाही पाहाचं होतं हे आता," ती पुटपुटली. "काहून?" "नाही, तसं नाही... थे तुमाले सांगणार होते. दिवाळीले तुमी आल्या का सांगणारच होते." "काय सांगणार होते?" गुंजन विळ्याच्या टोकानं जमीन उकरू लागली. "त्यायलेच इचारा. मी बोलली तं मलेच बोलतीन." रुपाला आतून एक थंड समाधान वाटलं. आपला अंदाज खरा निघतोय ह्याचं ते समाधान होतं, आणि त्याची तिला किळसही आली.

कैलाश अंगणात धानाच्या गोण्यांची तोंडं शिवत होता. म्हातारी चंद्रभागाबाई, दोघांची आई, ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसली होती. रुपानं पाय धुतले नाहीत, पाणी घेतलं नाही. उभ्यानंच विचारलं, "माह्यावाले झाडं तोडून तू सुखराम मिस्त्रीकडं काहून पाठवून राहिला?" कैलाशनं दाभण गोणीतच खुपसून ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ आला आणि मग तो चक्क हिरमुसला. "सांगून देलं काय त्यानं? जावईबापूनं त्याले गप राहा म्हटलं होतं ना." "जावईबापूनं?" "तुमच्या दुकानात नवीन काउंटर करून राहिले म्हणून त्यायनं फोन केला होता. म्या म्हटलं, ताईच्या हिस्स्यातलं एक मोठं झाड आहे, खडकाच्या सावलीतलं, थे देतो. परवानगी काढून तोडलं. तुले सांगाचं नव्हतं, काउंटर बसल्यावर सांगाचं होतं."  कालचा प्रविण तिच्या डोळ्यांपुढं आला, तोंड उघडून मिटणारा. म्हणजे तोही. दोघं मिळून तिच्यामागं बोलत होते. चांगल्यासाठीच, पण तिच्यामागंच. "आन बाकीचे खुंट?" ती म्हणाली. "गेरूच्या खुणा?"

तिनं असं विचारलं तेव्हा कैलाशला पहिल्यांदा राग आला. "चाल वरती, दाखवतो. थो मुरूम आहे, ताई. उन्हाळ्यात वरच्या झाडाचा शेंडा वाळून जाते. वाळला का बाजूनं चार फुटवे येतात, सारे वाकडे. मंग बुडातून कापा लागते. कापलं का सरळ फुटते, आन त्यातला एकच ठेवाचा, बाकीचे मोडाचे. जो ठेवला त्याले गेरू लावतो, नाही तं गुंजन काड्या म्हणून तोडून आणते." मागून येऊन ओट्यावर टेकलेली गुंजन काहीतरी म्हणाली, पण कुणी ऐकलं नाही. "दर साल करतो. चर खंदले तुह्याच वाट्यात, पाणी थांबावं म्हणून. माह्यात एक चर दाखव. माह्यात कायले पाहिजे, थिथं तं आपसूक येते सारं." बोलता बोलता तो थांबला. आपण काय बोलून गेलो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. रुपालाही ऐकू आलं. आपसूक येते सारं. हे त्याला वाटणीच्या दिवशीही माहीत होतं. झाडं तेव्हाच मोठी झाली होती. पहाडीकडं नुसती नजर टाकली असती तरी तिलाही दिसलं असतं. तिनं टाकली नव्हती, कारण तिला भरून आलं होतं.

"मंग माथा मले काहून देला?" तिनं विचारलं. आवाज अगदी हळू निघाला.

 कैलाशनं दाभण उपसली, दोरा ओढला, पुन्हा सोडला.  मग ओट्यावरून आई बोलली, शेंगांवरची नजर न काढता. "त्याले कायले इचारते? म्या सांगतलं होतं तसं." रुपा वळली. आईचा चेहरा तसाच होता, वालाची शेंग फोडून दाणे टोपलीत टाकणारा. "त्याले दोन पोरी. त्यायच्या लगनाले खालचे झाडं लवकर कामी येणार होते. वरचं झाड सावकाश वाढते. तुले कायची घाई होती? तुहं दुकान होतं, नवरा चांगला होता. तुह्या झाडाले वेळ लागला तरी चालत होतं." "मले इचारलं काहून नाही?" "इचारलं असतं तं तू देऊन देलं असतं सारंच," आई म्हणाली. "म्हणून नाही इचारलं. काही तं राहू दे म्हटलं तुह्या नावानं."

रुपा ओट्याच्या पायरीवर बसली. तिनं आजवर सगळ्यांवर संशय घेतला होता. सासूवर, प्रविणच्या भागीदारावर, पाठ केलेली ओळ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकांवर, कालपासून भावावर. आईवर कधी घेतला नव्हता. लहानपणी ताप आला की आई रात्रभर तिच्या तळपायाला कांदा चोळायची, तो वास अजून तिच्या नाकात होता. आणि हीच बाई बाबांच्या तेराव्याच्या गर्दीत, डोळे सुजलेले असताना, मनातल्या मनात झाडांचा आणि लेकरांचा हिशेब मांडत बसली होती. कुणाला घाई, कुणाला वेळ. कोण कुठं तगेल. ते वाईट होतं की नव्हतं, हे रुपाला ठरवता येईना. वाईट म्हणावं तर आईच्या आवाजात अपराध नव्हता. चांगलं म्हणावं तर तिला कुणी विचारलं नव्हतं. आपल्याला मिळालेलं सगळंच असं कुणीतरी आधी ठरवून दिलेलं असेल, असं तिच्या मनात आलं, भंडाऱ्याचं स्थळसुद्धा. मग तिनं तो विचार तिथंच सोडला, कारण त्याला अंत नव्हता.

"बदलून घे," कैलाश एकदम म्हणाला. "आत्ता चाल. खालचं तुहं, वरचं माहं. मोठ्या पोरीचं लगन झालं आता. लहानीचं पाहू." त्याचे कान लाल झाले होते. तो मनापासून बोलत होता असं वाटत होतं, आणि तेच तिला खुपत होतं. बदलून घेतलं तर गावात काय म्हणतील, हे त्याला माहीत होतं. बहीण भंडाऱ्याहून आली आन भावाच्या तोंडचं काढून घेऊन गेली. हेही त्यानं हिशेबात धरलं असेल का? की नसेल? ती त्याच्याकडं बघत राहिली. त्याच्या मनगटावर नवा ओरखडा होता, जुन्याच्या शेजारी. साग छाटताना येत असावा.

"आडवं नको," ती शेवटी म्हणाली. "उभं वाटू. माथ्यापासून खालपर्यंत एक रेघ. तुह्याही वाट्यात मुरूम, माह्याही वाट्यात मुरूम. नालाही दोघायचा."

कैलाशला समजायला क्षणभर लागला. मग तो हसला, इतक्या वेळात पहिल्यांदाच. "हे कोणाच्या डोक्सात नाही आलं." "मले इचारलंच नव्हतं कोणं," रुपा म्हणाली. आई टोपलीत दाणे टाकत राहिली; पण एक शेंग तिनं न फोडताच बाजूला ठेवली.

दुपार कलायच्या आत ते दोघं वर गेले. माथ्यावर वारा होता, म्हणून तिथं त्यांनी दगड रचत रेघ आखली. खाली उतरू लागल्यावर गुंजननं दिलेल्या टोपलीतली चुलीची राख कैलाश मूठमूठ सोडत आला. रुपा दोन पावलं मागं होती. ती त्याच्या हाताकडं बघत होती, खांद्याकडं, पाय कोणत्या बाजूला पडतोय तिकडं. एका ठिकाणी रेघ तिच्या बाजूला सरकतेय असं वाटून तिनं "थांब" म्हटलं. तो थांबला, मागं आला, तिनं म्हटलं तशी राख पायानं पुसून पुन्हा टाकली. पश्चिमेच्या अंगाची खुजी झाडं दोघांत वाटली गेली, गेरू लावलेले फुटवे वाटले गेले. मग माती मऊ झाली, सावली आली, आणि दोघांच्याही पायांचा आवाज बंद झाला.

अगदी पायथ्याशी, नाल्याच्या वर, सगळ्यांत मोठं झाड रेघेत आडवं आलं. बरोबर मधोमध. रुपा बघत राहिली. कैलाशनं खोडाकडं वर शेंड्यापर्यंत एकदा बघितलं आणि मग त्याच्याच बाजूनं वळसा घालून, झाड तिच्या वाट्यात सोडून, राख टाकत तो पुढं गेला. नाल्यापाशी त्यानं टोपली उपडी करून झटकली आणि हात धुवायला खाली वाकला.

रुपा झाडापाशी गेली. तिनं बुडाशी वाकून किडीचं भोक आहे का ते बघितलं. साल एका ठिकाणी नखानं उचकटून बघितली. दुसऱ्या बाजूला गेली, तिथंही बघितलं. कुठं काही नव्हतं. मग तिनं मूठ वळून खोडावर वाजवलं आणि कान लावला. भरीव, गच्च आवाज आला. खालून कैलाशनं हाक मारली, "चाल गे ताई, तुही बस जाईल." ती "आली" म्हणाली, आणि जरा वर, जिथं हात पुरत होता तिथं, पुन्हा एकदा वाजवून बघितलं.